ग्लास सांडत नाही तेव्हा

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपमध्ये एक मेल येऊन धडकली. सब्जेक्टच्या जागी लिहिलं होतं, ‘आता नाही तर कधीच नाही!!!’ तीन उद्गारचिन्हं, म्हणजे पाठवणारा कोण हे मेल उघडायच्या आधीच कळलं. आमचा कप्तान. (खरं नाव सांगत नाही. तो हे पान न चुकता वाचतो आणि सोमवारी फोन करून माझ्या चुका काढतो.)

प्लॅन असा : फेब्रुवारीत फुकेत. आठ जण, चार केबिन्स, सात दिवस, एक कॅटामरान. सोबत तिथला स्किपर घ्यायचा की नाही ते नंतर ठरवू, कारण कप्तानाने नुकतंच कसलंसं सेलिंगचं सर्टिफिकेट मिळवलंय. सोबत ब्रोशर. निळंशार पाणी, त्यात दोन अंगांची पांढरीशुभ्र बोट, डेकवर गाद्या, टेबलावर वाइनचे चार ग्लास. आणि खाली एक ओळ, इतकी स्टेबल की ग्लाससुद्धा सांडत नाही.

लंचपर्यंत सहा जणांचे ‘येस’ आले. एकीने तर टोपीचा रंगही विचारला. मी विचारलं, ‘ही उलटली तर सरळ कशी करायची?’

दहा मिनिटं ग्रुपवर सामसूम. मग कप्तानाचा फोन.

‘‘तू ना, लग्नाला जाऊन घटस्फोटाच्या वकिलाचा नंबर मागशील.’’

‘‘पण उत्तर काय?’’

‘‘अगं, कॅटामरान उलटत नाही.’’

‘‘आणि उलटलीच तर?’’

‘‘उलटली तरी बुडत नाही.’’

‘‘आणि सरळ?’’

‘‘...बघून सांगतो.’’

आता मंडळी, मी काही जन्मजात रडी नाही. हा प्रश्न मला पडतो, कारण मी एकदा उलटले आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबई बंदरात, गेटवेपासून थोडं आत, शनिवार-रविवारचा सेलिंगचा कोर्स. बोट होती होबी १६. होबी आल्टर हे कॅलिफोर्नियातले सर्फबोर्ड बनवणारे गृहस्थ. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किनाऱ्यावरून ढकलत पाण्यात नेता येईल अशी छोटी कॅटामरान काढली, त्याच घराण्यातली ही. सोळा फूट लांब, आठ फूट रुंद, वजन दीडशे किलोच्या आत. दोन बाजूंना केळ्यासारखे दोन हल, म्हणजे बोटीची दोन अंगं, आणि मध्ये ताणून बांधलेलं जाड कापड. त्यावर आपण बसायचं.

दुपारी वारा वाढला. बोट अशी सुटली की काय सांगू! वाऱ्याकडचा हल पाण्यातून वर उचलला गेला आणि मी अक्षरशः किंचाळले, आनंदाने. सर मागच्या बोटीतून ओरडत होते, ‘‘दोरी सोड!’’ मी दोरी आणखी घट्ट धरली. घाबरलेला माणूस हातात येईल ते घट्ट धरतो. नेमकी ती शिडाची दोरी होती. पुढच्या सेकंदाला आम्ही दोघी पाण्यात आणि बोट कुशीवर.

मी वर आले ती बोटीपासून पाच-सहा मीटर लांब. पुण्यात टिळक टँकवर पोहायला शिकलेली मी, मला पाण्याची भीती नाही. घोटाळा झाला तो तिथेच. बोट पकडायच्या ऐवजी मी सरळ रेस्क्यू बोटीच्या दिशेने हात मारायला लागले. ती लांब, दुसऱ्याच कुणाला तरी उचलत होती. मागे वळून पाहते तर आमची होबी वाऱ्याबरोबर निघालेली! कुशीवर पडली की मधलं कापड भिंतीसारखं उभं राहतं आणि तेच शिडाचं काम करतं. माझी पार्टनर तिला लटकून होती. ती लहान लहान होत गेली. भरतीच्या ओढीने मी भलतीकडेच. मला उचलेपर्यंत पंधरा मिनिटं गेली असतील. लाइफजॅकेट होतं म्हणून हे लिहितेय.

सर नौदलातून निवृत्त झालेले. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘पोहता येतं ना तुला? म्हणूनच सोडलीस बोट. पोहता न येणारा तिला धरून बसला असता.’’

मग त्यांनी आम्हाला बोट सरळ करायला लावली. नाळ वाऱ्याकडे वळवायची. खालच्या हलवर उभं राहायचं, वरच्या हलवरून आलेली दोरी धरायची आणि पाठीवर झोपल्यासारखं मागे रेलायचं. आधी काहीच होत नाही. मग शिडातलं पाणी ओघळतं, वारा शिडाखाली शिरतो, डोलकाठी हळूच वर येते आणि एकदम धाडकन बोट सरळ. दोन बायकांच्या वजनात काम झालं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हिशेब पक्का बसला : कॅटामरान उलटते, दोरी ओढायची, सरळ होते.

तो हिशेब छोट्या बोटीपुरता खरा होता. फोटोतल्या त्या पांढऱ्याशुभ्र, चार केबिन्सवाल्या बोटीला तो लागू होत नाही. कप्तानाने ‘बघून सांगतो’ म्हटल्यावर मीच बसून वाचलं.

आधी एक गंमत. ‘कॅटामरान’ हा शब्द आपल्याच शेजारचा. तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं. इंग्रजांनी तो तमिळ कोळ्यांकडून उचलला. पण ते कट्टुमरम म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. दोन अंगांच्या बोटीची खरी परंपरा पॅसिफिक बेटांवरची, पॉलिनेशियन लोकांची. नाव एका समुद्राचं, वस्तू दुसऱ्या समुद्राची. त्या दुसऱ्या समुद्राकडे आपण शेवटी येणारच आहोत.

आता मुद्दा. लहानपणी तळात वाळू भरलेली बाहुली पाहिलीय? कितीही ढकला, डुलत डुलत पुन्हा उभी. एका अंगाची शिडाची बोट, जिला मोनोहल म्हणतात, ती ही बाहुली. तिच्या पोटाखाली कील असते आणि त्यात शिसं किंवा लोखंड. वारा आला की ती कलते. आणखी आला की आणखी कलते. जितकी कलते तितकं खालचं वजन तिला परत खेचतं. बहुतेक क्रूझिंग मोनोहल ९० अंशांच्या पलीकडे, साधारण १२० अंशांपर्यंत कलंडल्या तरी परत येतात. लाटेने पुरत्या पालथ्या केल्या तरी पुढची लाट त्यांना बहुधा सरळ करते.

आपल्या अभिलाष टॉमींचं आठवा. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गोल्डन ग्लोब रेसमध्ये, दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या ‘तुरीया’ला वादळाने लोळवलं. डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण गोव्यात बांधलेली ती लाकडी बोट पुन्हा सरळ झाली. तीन दिवसांनी फ्रेंच जहाज पोचलं तेव्हा ते आपल्याच बोटीतल्या बंकवर होते.

कॅटामरान मात्र बाहुली नाही. ती चौरंग आहे. देवघरातला चौरंग डुलतो का? कलश ठेवा, समई ठेवा, हलणार नाही. कॅटामरानला खाली वजन नसतं. तिची सगळी स्थिरता रुंदीतून येते, दोन हलमधल्या अंतरातून. म्हणून ग्लास सांडत नाही, म्हणून स्वयंपाक करता येतो, म्हणून सासूबाईंनाही नेता येतं. पण चौरंग उलटा करून ठेवला तर? पाय वर, पाट खाली. तरीही तितकाच पक्का! उपड्या कॅटामरानचं तेच होतं. डोलकाठी खाली पाण्यात, दोन्ही हल आकाशाकडे, आणि बोट शांतपणे तरंगते. ती सरळ असताना जितकी स्थिर, तितकीच उलटी असतानाही. परत येण्याचं तिला काही कारणच उरत नाही.

थोडं गणित करू, घाबरू नका, एमबीएच्या एन्ट्रन्सपेक्षा सोपं आहे. समजा, बोट १० टनांची. दोन हलच्या मध्यांमधलं अंतर साडेपाच मीटर. बोटीला सरळ धरून ठेवणारी ताकद जास्तीत जास्त किती? वजन गुणिले अर्धं अंतर, म्हणजे २७.५ टन-मीटर. ही ताकद कमाल असते तो क्षण म्हणजे वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटतो तो. तेव्हा बोट जेमतेम दहाएक अंश कललेली असते. त्यानंतर ही ताकद फक्त कमी होत जाते आणि बोट जवळपास कुशीवर आली की संपते.

आता शिडं धरू १०० चौरस मीटर, आणि त्यांच्यावरचा जोर पाण्यापासून सरासरी ९ मीटर उंचीवर. वारा २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, आडवा आला तर दर चौरस मीटरला साधारण ८ किलोंचा रेटा पडतो. एकूण उलटवणारी ताकद झाली ७.२ टन-मीटर. मर्यादेच्या जेमतेम पाव. डेकवर गाणी चालू आहेत, ग्लास जागच्या जागी. आता वारा दुप्पट झाला, ४० नॉट. रेटा किती? दुप्पट नाही, चौपट. २८.८. म्हणजे २७.५ च्या पलीकडे! आणि मधल्या काळात बोट किती कलली? जेमतेम दहाएक अंश.

इथे मला तो ग्लास आठवला. मोनोहलमध्ये वारा वाढला की ग्लास सांडतो, पातेली घसरतात, माणसं हिरवी-पिवळी होतात, कुणीतरी वैतागून ओरडतं, ‘अरे, शीड कमी करा!’ आणि शीड कमी होतं. बोट कलली की शिडातून वाराही थोडा निसटतो. म्हणजे तक्रारही होते आणि दिलासाही मिळतो. कॅटामरान तक्रार करत नाही. सगळा भार चुपचाप दोऱ्यांवर, डोलकाठीवर घेते आणि पळत राहते. आपल्या ऑफिसात नाही का एखादी, कितीही काम टाका, ‘हो सर’ म्हणते, हसते, आणि एके दिवशी थेट राजीनामा! तशी.

त्यातून वारा मागून असेल तर आणखी एक फसगत. स्कूटरवर जाताना वारा पाठीमागून असला की वारा पडल्यासारखंच वाटतं ना? तसंच. खरा वारा २५ नॉट, बोट त्याच दिशेने १० नॉटने पळतेय, तर डेकवर जाणवतो फक्त १५. मस्त, टी-शर्टातलं हवामान. मग एखाद्या लाटेत नाक खुपसून बोट अडखळली, किंवा कुणी घाबरून तिला वाऱ्याकडे वळवली, तर १५ चा क्षणात २५ होतो आणि शिडांवरचा रेटा जवळपास पावणेतीन पट. म्हणून जाणकार सांगतात, मागून वारा असताना जाणवणाऱ्या नव्हे, खऱ्या वाऱ्याच्या हिशेबाने शीड कमी करा.

शीड कमी करणं म्हणजे रीफ करणं. शीड थोडं खाली घ्यायचं, खालचा भाग दुमडून बांधायचा. मोनोहलवर हे बोटीच्या अंगावरून ठरवता येतं. कॅटामरानवर ते कागदावरून ठरवायचं असतं. बोटीसोबत तक्ता येतो : इतक्या नॉटला पहिली रीफ, इतक्याला दुसरी. पहिली बऱ्याच वेळा २० नॉटच्या आसपासच. आणि हे आकडे सरासरी वाऱ्याला नव्हे, झोतांना लावायचे. ‘अजून तर काहीच वाटत नाहीये’ हे कॅटामरानवर कारण होऊ शकत नाही.

आता अगदी खरं सांगायचं, तर सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या जाडजूड, रुंद कॅटामरान सहसा उलटत नाहीत. वजन बरंच, शिडं त्या मानाने लहान, आणि फेब्रुवारीत अंदमान समुद्राची ती बाजू शांत असते. कप्तान तिथे चुकत नव्हता. पण ‘सहसा’ आणि ‘नाही’ यात फरक आहे. २०१० साली दक्षिण पॅसिफिकमध्ये, निउए बेटाजवळ, ‘अ‍ॅना’ नावाची ५७ फुटी क्रूझिंग कॅटामरान अशीच उलटली. नामांकित डिझाइन, वर दोघं जण. आधी अगदी साधा वारा होता, मग एक स्क्वॉल आलं आणि काही मिनिटांत वारा साठ नॉटांच्या घरात. दोघं उपड्या बोटीसोबतच राहिले आणि एका मालवाहू जहाजाने त्यांना उचललं.

मग माझा मूळ प्रश्न. सरळ कशी करायची? लोकांनी डोकं लावलं नाही असं नाही. डोलकाठीच्या टोकाला तरंगता फुगा लावायचा, म्हणजे बोट कुशीवर आली तरी डोलकाठी खाली जाणार नाही. किंवा उपड्या बोटीचं एक टोक पाण्याने भरून बुडवायचं आणि तिला त्या टोकावरून फिरवायचं. मिशिगनचे जॅन गुजॉन हे यातलं ठळक नाव. १९७९ साली त्यांची ‘फ्लिका’ ही तीन हलची बोट अटलांटिकमध्ये उलटली आणि सुटका होईपर्यंत ते त्या उपड्या बोटीवर होते. घरी परतल्यावर त्यांनी आधी स्वतःला सरळ करू शकणारी ‘स्प्लिंटर’ बांधली आणि पुढे भावासोबत जी-३२ ही कॅटामरान काढली, डोलकाठीच्या टोकाशी फुगवटा आणि पोटात पाण्याचं वजन घेणारी. पण ती ३२ फूट लांब आणि फक्त ८ फूट रुंद, अगदी हलकी बोट. आपल्या १० टनांच्या, चार केबिन्स आणि फ्रीजवाल्या बोटीला भर समुद्रात, लाटांत, आठ सुट्टीकर मिळून सरळ करू शकत नाहीत. त्याला टगबोट लागते नाहीतर क्रेन. म्हणजे कप्तानाच्या प्रश्नपत्रिकेचं उत्तर : सरळ करायची नाही. करता येत नाही.

मग काय करायचं? तिच्यातच राहायचं.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कॅटामरानची सगळी खरी सुरक्षा इथे आहे. कीलचं शिसं नाही, म्हणून ती बुडायला मागत नाही. उपडी बोट हेच तुमचं बेट. उलटू शकणाऱ्या, राहण्याजोग्या बहुहल बोटींना उलट्या अवस्थेत तरंगायची ताकद आणि बाहेर पडायची वाट असलीच पाहिजे, असा युरोपात नियमच आहे. म्हणून हलच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या थोडी वर, एक छोटी खिडकी असते. बोट सरळ असताना ती कायम बंद. उलटल्यावर तीच दार. नसेल तर काय, तर कुऱ्हाडीने भोक पाडायचं, पण भलत्या जागी पाडलं तर आतली हवा निसटते आणि बोट आणखी खाली बसते.

न्यूझीलंडची ‘रोझ-नोएल’ घ्या. ती तीन हलची, म्हणजे ट्रायमरान, पण नियम तोच. १९८९ च्या जूनमध्ये पिक्टनहून टोंगाला निघाली. जॉन ग्लेनी आणि आणखी तीन जण. ४ जूनला पहाटे एका लाटेने ती उपडी केली. चौघं आत, एका डबलबेडएवढ्या कोरड्या जागेत. संकटाचा संदेश देणारा बीकन काही दिवस चालला, कुणाला ऐकू गेला नाही. मग त्यांनी पावसाचं पाणी साठवलं, मासे पकडले, भांडले, समेट केले. १-२ आठवडे नाही, ११९ दिवस! शेवटी ३० सप्टेंबरला बोट वाहत वाहत ग्रेट बॅरियर बेटावर आदळली आणि चौघं चालत वर आले. तब्येती इतक्या बऱ्या होत्या की लोकांचा विश्वासच बसेना, हे लपून बसले होते असं म्हणायला लागले. चौकशी झाली, तेव्हा खरं ठरलं. आजचे बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहाला हाक मारतात, त्यामुळे ११९ दिवस लागू नयेत. पण बीकन कुठे ठेवलाय हे माहीत हवं, आणि तो अशा जागी हवा की बोट उपडी झाल्यावरही हाताला लागेल.

आणि आता त्या दुसऱ्या समुद्राची गोष्ट. हवाईमध्ये १९७५ साली ‘होकुलेआ’ पाण्यात उतरली. जुन्या पॉलिनेशियन पद्धतीची, ६२ फुटी, दोन हलची शिडाची होडी. १९७६ मध्ये ती होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या भरवशावर ताहितीला पोचली. एका समाजाला आपला हरवलेला इतिहास परत मिळाला. १६ मार्च १९७८ ला ती पुन्हा होनोलुलूहून ताहितीला निघाली. वारा जोराचा होता. वाऱ्याच्या पलीकडच्या हलमध्ये पाणी शिरलं, ती बाजू जड होत गेली, आणि निघाल्यापासून काही तासांतच, मध्यरात्रीच्या सुमाराला, मोलोकाई बेटाजवळच्या खवळलेल्या समुद्रात होडी उलटली.

क्रूमध्ये होते एडी आयकाऊ. वय ३१. वायमिया बे या किनाऱ्यावरचे नावाजलेले लाइफगार्ड, अजस्र लाटांवर स्वार होणारे सर्फर. रात्रभर सगळे उपड्या हलला धरून होते. सकाळ झाली, कुणी दिसेना, होडी बेटांपासून लांब वाहत चालली. एडींनी सर्फबोर्ड घेतला आणि लानाई बेटाकडे मदत आणायला निघाले. ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्याच रात्री एका प्रवासी विमानाच्या वैमानिकांना होडीवरून सोडलेला फ्लेअर दिसला. कोस्ट गार्ड आलं. होडीला धरून राहिलेले सगळे वाचले.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. एडींची चूक काढण्याची माझी लायकी नाही. दुसऱ्यांना वाचवणं हेच ज्याचं आयुष्य, तो माणूस लाटांकडे बघत बसून राहील कसा? पण मला मुंबई बंदरातली ती दुपार आठवली. मी कुणालाच वाचवायला निघाले नव्हते. मला फक्त पोहता येत होतं. त्या समुद्रात त्यांच्याइतकं पोहता येणारं दुसरं कोण असेल? तरीही दुरून दिसते ती होडी, माणसाचं डोकं दिसत नाही. विमानातून दिसला तो होडीवरचा उजेड.

‘होकुलेआ’ सरळ केली, दुरुस्त केली. १९८० मध्ये ती पुन्हा ताहितीला गेली, या वेळी सोबतीला दुसरी बोट घेऊन. पुढे २०१४ ते २०१७ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हणजे कॅटामरान सोडून द्या असं कुणी म्हणत नाही. तिचा स्वभाव ओळखा, इतकंच.

रविवारी कप्तान घरी आला. मी चहा टाकला आणि त्याच्यापुढे कागद ठेवला. प्रश्न होते पाचच. बोटीचा रीफचा तक्ता कुठे लावलाय? सुटकेची खिडकी आहे का आणि ती कोणत्या केबिनमध्ये उघडते? लाइफराफ्ट अशा जागी आहे का की उपडं झाल्यावरही सुटेल? बीकन कुठे? आणि रात्री स्क्वॉल आलं तर शिडाची दोरी कुणाच्या हातात?

त्याने कागद वाचला. चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘‘सहावा प्रश्न राहिला. शीड कमी करा असं कुणी म्हणायचं?’’

‘‘तू. तू कप्तान.’’

‘‘नको. मला मजा येत असेल, मी म्हणणारच नाही. मागच्या वेळी तूपण दोरी सोडली नव्हतीस.’’ (मी सांगितलं होतं त्याला, एकदा. लक्षात ठेवलंय बघा.)

शेवटी ठरलं ते असं. स्किपर घ्यायचा, तिथला, त्या पाण्यातला. आणि आठांपैकी कुणीही, अगदी टोपीचा रंग विचारणारीसुद्धा, ‘कमी करा’ म्हणाली की वाद न घालता शीड कमी करायचं. चर्चा नंतर. खिल्ली तर अजिबात नाही. अर्धा तास उशीर झाला तर झाला, फुकेत कुठे पळून जातंय!

काल त्याने ग्रुपवर पुन्हा मेल टाकली. या वेळी उद्गारचिन्ह एकच. सोबत एक फोटो, ना गाद्या ना ग्लास. पायऱ्यांजवळची एक छोटीशी, जाड काचेची खिडकी, आणि खाली त्याने लिहिलं होतं, ‘पहिल्या दिवशी सगळ्यांनी आधी ही बघायची, मग वाइन.’

मी पहिल्यांदाच ‘येस’ लिहिलं.